कातळ, माती आणि मधली कड: टेरेन-थ्रीडी वर्षभर वापरल्यानंतर

पावसाळ्यात रत्नागिरीजवळच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर, उभे राहून पायाखाली पाहिले, तर जमीन कुठेही रेघ मारल्यासारखी बदललेली दिसत नाही. काळपट जांभ्यावर तांबडी माती येते ती आधी खळग्यांत आणि भेगांत साचते, उंचवटे उघडे राहतात, आणि मग त्या मातीचे बोट धरून गवत येते. संगणकावरच्या गेममध्ये हाच सडा उभा करायचा ठरवले, तेव्हा मला वाटले होते की डोंगराचा आकार काढणे हे मोठे काम असेल. तो आकार दोन दिवसांत झाला. पुढचे कित्येक महिने गेले ते कातळ कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते या हातभर रुंदीच्या पट्ट्यावर, आणि तेही सुरुवातीला चुकीच्या साधनांशी झटापट करण्यात गेले.

गोडो या मुक्त स्रोत गेम इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीसाठी टोकिसान गेम्स यांनी तयार केलेले टेरेन-थ्रीडी हे प्लगइन मी आता वर्षभर वापरते आहे. ते सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले आहे, गोडो नव्याने कंपाइल न करता प्रकल्पात टाकता येते, आणि एमआयटी परवान्याखाली विनामूल्य मिळते. जमिनीचा आकार, दूरच्या भागाचा तपशील कमी करणे, दगड-गवत विखुरणे अशी बरीच कामे ते करते. पण या परीक्षणात मी मुख्यतः एकाच कामाविषयी लिहिणार आहे, ते म्हणजे वेगवेगळी टेक्श्चर (कातळ, माती, गवत यांच्या पृष्ठभागाची चित्रे) एकमेकांवर चढवणे आणि एकमेकांत मिसळणे. माझे मत आधीच सांगून टाकते: या एका कामासाठी, फुकट मिळणाऱ्या साधनांत मला याहून चांगले काही सापडलेले नाही, मात्र त्याची शिस्त समजून न घेता ब्रश हाती घेणाऱ्याला पहिल्या तासाभरात ते टाकून द्यावेसे वाटेल.

ती शिस्त कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जमिनीवर अनेक टेक्श्चर मिसळण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, ती चार्ल्स ब्लूम यांनी २००० साली मांडली. प्रत्येक टेक्श्चरला एक वजनाचा नकाशा द्यायचा, एखाद्या ठिकाणी गवताचे वजन सत्तर टक्के आणि मातीचे तीस टक्के असेल तर दोन्ही रंग त्या प्रमाणात मिसळायचे, इतकी ती साधी आहे. यूनिटी या दुसऱ्या गेम इंजिनाच्या टेरेनमध्ये आजही अशा एका नकाशाच्या चार रंगवाहिन्यांत (लाल, हिरवी, निळी आणि पारदर्शकतेची) चार थरांची वजने साठवली जातात. या पद्धतीत स्मृती किती लागेल हा एक प्रश्न आहेच, पण डोळ्यांना खुपणारा दोष वेगळा आहे. कातळ आणि माती निम्मे-निम्मे मिसळले की त्या पट्ट्यात कातळही नसतो आणि मातीही नसते; दुधात चहा ओतल्यावर यावा तसा एक मधलाच रंग येतो आणि जमिनीवर कोणी पातळ तांबडा पडदा अंथरल्यासारखे दिसते. खऱ्या जगात असा पट्टा नसतो. तिथे एकेक कण एक तर दगड असतो नाही तर माती असते, आणि त्यांचे प्रमाण तेवढे बदलत जाते.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक टेक्श्चरबरोबर त्याच्या अंगची उंचीही ठेवणे. ही उंची डोंगराची नव्हे; दगडाच्या पृष्ठभागावर कुठे टेंगूळ आहे आणि कुठे खळगा आहे, एवढीच ती सांगते. आंद्रेय मिश्किनिस यांच्या २०१३ सालच्या लेखानंतर ही कल्पना स्वतंत्रपणे गेम करणाऱ्यांत चांगलीच पसरली. अनरियल इंजिनातही उंचीनुसार मिसळण्याची सोय आहे. टेरेन-थ्रीडीचे वैशिष्ट्य असे की येथे ती सोय मुळापासून बसवलेली आहे आणि शेडरची, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, एकही ओळ न लिहिता मिळते.

हे काम कसे चालते ते माझ्याच सड्याच्या उदाहरणाने सांगते. समजा, कातळाच्या टेंगळाची उंची ०.८ आहे, खळग्याची ०.२ आहे, आणि माती सपाट असून तिची उंची सगळीकडे ०.४ आहे. मी ब्रशने या जागी मातीचे प्रमाण निम्मे केले. शेडर प्रत्येक टेक्श्चरच्या उंचीत त्याचे प्रमाण मिळवतो: टेंगळावर कातळाचे १.३ होतात आणि मातीचे ०.९, म्हणून तिथे कातळ जिंकतो. खळग्यात कातळाचे ०.७ आणि मातीचे तेच ०.९, म्हणून तिथे माती जिंकते. ब्रशचा फटकारा एकच, पण माती आपोआप खळग्यांत जाऊन बसते. आता मातीचे प्रमाण तीन चतुर्थांश केले तर टेंगळावर कातळाचे १.०५ आणि मातीचे १.१५ होतात. फरक थोडाच आहे, आणि मिश्रणाची धार ठरवणारे मूल्य सुमारे ०.२ इतकी ढील देत असेल, तर तिथे एक तृतीयांश कातळ आणि दोन तृतीयांश माती असे मिश्रण दिसते, म्हणजे टेंगळावर मातीचा पातळ लेप बसल्यासारखे. पहिल्या पावसाआधी, मे महिन्यात, वाऱ्याने धूळ बसलेला जांभा असाच दिसतो. ही धार कमी-जास्त करण्याची सरकपट्टी साहित्याच्या म्हणजे मटेरियलच्या मांडणीत दिलेली आहे. ती अगदी टोकाला नेली तर कड करवतीसारखी दातेरी होते आणि कॅमेरा हलताना लुकलुकते, त्यामुळे मी ती मध्याच्या थोडी पुढेच ठेवते.

आता मघाशी म्हटलेल्या शिस्तीकडे वळते. टेरेन-थ्रीडी प्रत्येक टेक्श्चरसाठी वेगळा वजनाचा नकाशा ठेवतच नाही. जमिनीच्या जाळीच्या प्रत्येक बिंदूसाठी ते ३२ बिटांची एकच नोंद ठेवते. त्यातले ५ बिट खालच्या टेक्श्चरचा क्रमांक सांगतात, ५ बिट वरच्या टेक्श्चरचा, ८ बिट त्या दोघांच्या मिश्रणाचे प्रमाण, ४ बिट टेक्श्चर किती अंशांनी फिरवायचे ते, ३ बिट त्याचा आकार लहान-मोठा किती करायचा ते, आणि उरलेल्यांपैकी एकेक बिट जमिनीला भोक आहे का, वाट शोधणाऱ्या पात्रांना तिथे चालता येते का आणि स्वयंचलित रंगकाम चालू आहे का यांसाठी राखलेला आहे. पाच बिटांत ३२ क्रमांक बसतात, म्हणून टेक्श्चरची कमाल मर्यादाही ३२. २०१५ साली आलेल्या द विचर ३ या पोलिश गेमच्या जमिनीची रचना याच धर्तीची होती, आणि टेरेन-थ्रीडीच्या कर्त्यांनी तो आदर्श लपवलेला नाही.

याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एक मीटर अंतरावर बिंदू असलेल्या १०२४ बाय १०२४ मीटरच्या तुकड्यासाठी ही सगळी नोंद ४ एमबीत मावते. हेच ३२ टेक्श्चरसाठी प्रत्येकी एक बाइट असे वजनाचे नकाशे ठेवून केले असते, तर त्याच तुकड्याला ३२ एमबी लागले असते, आणि दर पिक्सेलला कोणकोणती टेक्श्चर वाचायची हा प्रश्न वेगळाच. येथे शेडरला आजूबाजूचे चार बिंदू आणि प्रत्येकाची दोन टेक्श्चर एवढेच पाहावे लागते. गेममध्ये एकूण ४ टेक्श्चर आहेत की ३२, याने त्या कामात वाढ होत नाही.

पण या काटकसरीची किंमतही आहे. कोणत्याही बिंदूवर दोनच टेक्श्चर असू शकतात. सड्यावर मला कातळ, माती आणि गवत या तिन्हींचा संगम हवा असतो, आणि तो एका बिंदूवर होऊच शकत नाही. शिवाय क्रमांकांची सरासरी काढता येत नाही: एका बिंदूवर ३ क्रमांकाचे टेक्श्चर आणि शेजारच्या बिंदूवर ७ क्रमांकाचे असेल, तर मधे ५ क्रमांकाचे टेक्श्चर येणे निरर्थक आहे. त्यामुळे नवशिक्या माणसाने नुसता पेंट हा ब्रश घेऊन कातळाशेजारी गवत रंगवले की कडेवर मीटर-मीटरच्या पायऱ्या दिसू लागतात, आणि त्याला वाटते की प्लगइनमध्येच दोष आहे. पहिल्या दिवशी मलाही तसेच वाटले होते.

उपाय असा, आणि सूचनापुस्तिकेतही तो सांगितलेला आहे, की पेंटने खालचे मोठे पट्टे भरावेत आणि कडा मात्र स्प्रे या ब्रशने कराव्यात. स्प्रे वरच्या टेक्श्चरचे प्रमाण हळूहळू वाढवतो, आणि प्रमाण हा आकडा असल्यामुळे त्याची सरासरी निघते, म्हणून कड मऊ येते. खालचे टेक्श्चर बदलायचे असेल तर ते अशा जागी बदलावे जिथे वरच्या टेक्श्चरने ते पूर्ण झाकलेले आहे. भिंतीला रंग देणारा कारागीर दोन रंगांचा सांधा कपाटामागे घेतो, तसाच हा प्रकार. माझ्या सड्यावर मी आता असे करते: सगळीकडे खाली कातळ, त्यावर स्प्रेने माती, आणि माती जिथे शंभर टक्के झाली आहे तिथे खालचे टेक्श्चर बदलून गवताचे करायचे. मग त्या पलीकडे मातीचे प्रमाण कमी करत नेले की खालून गवत वर येते. तिसरा थर अशा रीतीने आडवाटेने मिळतो. यासाठी मातीचा पट्टा थोडा रुंद ठेवावा लागतो. कातळाला थेट चिकटून आलेले गवत दाखवायचे असेल तर मातीचा हक्क सोडावा लागतो. खऱ्या सड्यावर गवत मातीशिवाय उगवत नाही, त्यामुळे माझे फारसे अडले नाही. एखाद्या शहरातला फुटपाथ, त्यावरचा चिखल आणि फरशांच्या फटींतले तण करणाऱ्याचे मात्र अडेल.

टेक्श्चर तयार करण्याच्या टप्प्यावर हे प्लगइन काटेकोर आहे आणि तसे असणे योग्यच आहे. रंग आणि उंची मिळून एक फाइल, नॉर्मल (पृष्ठभाग कुठे कोणत्या दिशेला कललेला आहे ते सांगणारी माहिती) आणि खरबरीतपणा मिळून दुसरी फाइल, अशा दोनच फाइली प्रत्येक टेक्श्चरसाठी लागतात, आणि सगळ्यांचा आकार व साठवणुकीचा प्रकार सारखा असावा लागतो, कारण ती सगळी एकाच मालिकेत रचली जातात. २०४८ बाय २०४८ पिक्सेलची एक संक्षिप्त फाइल तिच्या लहान आवृत्त्यांसह साधारण ५.३ एमबी घेते, म्हणजे एका टेक्श्चरला सुमारे १०.७ एमबी, आणि ३२ टेक्श्चरना ३४१ एमबी. संक्षेप न करता तशाच फाइली टाकल्या तर हाच आकडा चौपट होतो. माझी नऊ टेक्श्चर शंभर एमबीच्या आत बसली. फाइली एकत्र बांधण्याचे साधन संपादकातच दिलेले आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळे चित्रसंपादन सॉफ्टवेअर उघडावे लागत नाही.

मात्र उंचीची फाइल खरी असणे किती महत्त्वाचे आहे, हे मला पैसे घालवून कळले. जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडाच्या टेक्श्चरांचा एक संच मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला होता. संचात उंचीची फाइल होती, पण माती पसरवली की ती भलत्याच ठिकाणी बसू लागली. नीट पाहिल्यावर कळले की त्या फाइलमध्ये उंची नव्हतीच, रंगीत छायाचित्र नुसते करडे करून ठेवलेले होते. त्यामुळे दगडावर चिकटलेले दगडफुलाचे पांढरट डाग शेडरला टेकड्या वाटत होते आणि उन्हापावसाने काळी पडलेली वरची खपली त्याला दरी वाटत होती. माती खपलीवर साचत होती आणि दगडफुलाला वळसा घालून जात होती. भरीस भर म्हणून नॉर्मल फाइलची हिरवी वाहिनी गोडोच्या अपेक्षेच्या उलट दिशेची होती, म्हणून प्रकाश वरून पडत असताना छिद्रे फुगवट्यासारखी दिसत होती. हा दुसरा दोष बांधणीच्या साधनातला हिरवी वाहिनी उलटवण्याचा पर्याय निवडून एका टिचकीत गेला. पहिल्याला तसा इलाज नव्हता. विक्रेत्याला दोन वेळा कळवूनही उत्तर आले नाही, तो भाग वेगळा.

उजेडाच्या तीव्रतेवरून उंची बनवण्याची सोय टेरेन-थ्रीडीच्या बांधणी साधनातही आहे, हे येथे सांगायला हवे. नदीतल्या गोट्यांसाठी ती चालून जाते, कारण तिथे फटी खरोखरच काळ्या असतात. जांभ्याला, शेवाळलेल्या चिऱ्याला किंवा पाने पडलेल्या जमिनीला ती वापरू नये. शेवटी मी ढगाळ दिवशी, सावल्या पडणार नाहीत अशा वेळी, सड्याच्या दोन मीटर चौकोनाचे एकमेकांवर येणारे सत्तरेक फोटो फोनवर काढले, मेशरूम या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा त्रिमितीय आकार करून घेतला आणि त्यावरून उंचीची फाइल काढली. माती आणि गवत मात्र पॉली हेवन या संकेतस्थळावरून घेतले; तिथली टेक्श्चर सीसी झिरो परवान्याची, म्हणजे कोणालाही मुक्तपणे वापरता येणारी, असतात आणि उंचीच्या फाइलीही मिळतात. पहिल्यांदा ही फाइल जोडून स्प्रे फिरवला तेव्हा माती एकेका छिद्रात भरत गेली आणि कातळाच्या कडा तेवढ्या वर राहिल्या. एवढ्याशा फरकासाठी मी पाऊण महिना घालवला होता, आणि तो वाया गेला असे मला अजिबात वाटले नाही.

स्वयंचलित रंगकामाविषयी थोडक्यात लिहिते. उतार किती आहे हे पाहून शेडर स्वतःच दोन टेक्श्चरांपैकी एक निवडतो: चढ तीव्र असेल तर दगड, सपाट असेल तर गवत. सड्यासारख्या सपाट भूभागावर याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. पण चाचणीसाठी मी घाटमाथ्याचा एक कडा केला, आणि तिथे ते फारच जमून आले. सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसलेले असल्यामुळे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा असतो. उभा काळा कातळ, त्यावर गवताची अरुंद पट्टी, परत कातळ. आकार बरोबर असेल तर शेडर हे चित्र न रंगवता देतो. हाताने रंगवलेला भाग आणि स्वयंचलित भाग शेजारी-शेजारी नांदू शकतात, कारण त्याची नोंद प्रत्येक बिंदूवर स्वतंत्र आहे. उभ्या भिंतीवर टेक्श्चर वरून खाली ताणल्यासारखे दिसण्याचा जुना रोग येथेही आहे, परंतु निवडक टेक्श्चरना बाजूने प्रक्षेपित करण्याचा पर्याय दिलेला आहे आणि तो माझ्या कड्यावर पुरेसा ठरला.

मला सगळ्यात जास्त आनंद ज्याने दिला तो थर टेक्श्चरचा नाहीच. क्रमांकांच्या नोंदीशिवाय टेरेन-थ्रीडी प्रत्येक बिंदूसाठी एक रंगाचा नकाशाही ठेवते. त्यातला रंग टेक्श्चरच्या रंगाशी गुणला जातो आणि चौथी वाहिनी खरबरीतपणा कमी-जास्त करते. या चौथ्या वाहिनीत मध्यावरचे मूल्य म्हणजे काहीच बदल नाही. साध्या भाषेत, ही ओल रंगवण्याची सोय आहे. पावसाने भिजलेला जांभा गडद होतो आणि चकाकतो, या दोन्ही गोष्टी येथे दोन ब्रशांनी होतात आणि त्यासाठी नवे टेक्श्चर खर्च होत नाही. सड्याच्या किंचित खोलगट भागांत मी गडद रंग आणि ओल हलक्या हाताने फिरवली, पायवाटेची माती मधोमध थोडी फिकट केली, जनावरे जिथून उतरतात तिथे ती तांबूस केली. नऊ टेक्श्चर तीच होती. पण श्रावणातली सकाळ दिसू लागली ती या थरामुळे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: गुणाकारामुळे रंग गडदच होत जातो, उजळ करता येत नाही, म्हणून मूळ टेक्श्चर थोडे फिकट घेतलेले बरे.

एकच चौकोन पुन्हा पुन्हा मांडल्याने जमिनीवर जी सतरंजीसारखी नक्षी दिसते, तिच्यावरही तीन-चार उपाय दिलेले आहेत. टेक्श्चर मधूनमधून फिरवून आणि सरकवून मांडणे, मोठ्या पल्ल्यावर रंगात हलका चढउतार आणणे, दूरच्या जमिनीला तेच टेक्श्चर मोठ्या आकारात लावणे. शिवाय ब्रशनेही टेक्श्चर २२.५ अंशांच्या टप्प्यांनी फिरवता येते, ज्याचा उपयोग मला नांगरलेल्या वरकस जमिनीच्या रेघा उताराला आडव्या वळवण्यासाठी झाला. या सोयी एकाच वेळी सगळ्या चालू करू नयेत; प्रत्येकीमुळे दर पिक्सेलला टेक्श्चर वाचण्याचे काम वाढते आणि जुन्या लॅपटॉपवर ते लगेच जाणवते. माझ्या नऊपैकी फक्त गवत आणि मातीला मी फिरवाफिरव लावली आहे. कातळाला लावली की भेगा मधेच तुटतात.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एक उपयुक्त गोष्ट म्हणजे जमिनीवरच्या कोणत्याही ठिकाणचे खालचे टेक्श्चर, वरचे टेक्श्चर आणि त्यांचे प्रमाण कोडमधून विचारता येते. पावलांचा आवाज त्यावरून बदलता येतो, कातळावर टकटक आणि मातीत दबका. पण हे उत्तर बिंदूच्या नोंदीवरून मिळते; उंचीच्या शर्यतीत त्या नेमक्या पिक्सेलवर कोण जिंकले हे त्यात येत नाही. त्यामुळे कडेवर पाऊल टेंगळावर पडलेले दिसते आणि आवाज मातीचा येतो. बहुतेकांच्या हे ध्यानात येणार नाही. माझ्या गेममध्ये माणूस चालण्यापलीकडे फारसे काही करत नसल्यामुळे माझ्या ध्यानात आले, आणि मी कडेवर दोन्ही आवाज प्रमाणात मिसळून ती वेळ भागवली.

हे कोणी घ्यावे? गोडोत मोकळ्या जमिनीचा, पायी हिंडण्याचा गेम करणाऱ्याने जरूर घ्यावे, आणि सोबतच्या नमुना प्रकल्पात दोनच टेक्श्चर घेऊन आधी कड साधून पाहावी. यूनिटी किंवा अनरियलमध्ये काम चांगले चालू असलेल्याने केवळ मिश्रणासाठी इंजिन बदलण्याचे कारण नाही. गुहा, लोंबते कडे किंवा बोगदे ही ज्याच्या गेमची मुख्य जागा आहे, त्याचा येथे निभाव लागणार नाही, कारण प्रत्येक बिंदूला एकच उंची असते. जमिनीला भोक पाडून तिथे वेगळा त्रिमितीय आकार बसवता येतो, मात्र त्या आकाराला जमिनीची टेक्श्चर आपोआप येत नाहीत आणि सांधा लपवण्यासाठी दगड रचत बसावे लागते.

माझ्यापुरती खरी अडचण मीटरची आहे. ज्या सड्यासाठी हा सगळा खटाटोप चालला आहे, त्यावर कातळशिल्पे आहेत. कोकणातल्या अशा शिल्पस्थळांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. त्यांच्या रेषा काही सेंटिमीटर रुंदीच्या असतात, आणि मीटर-मीटरवर नोंद ठेवणाऱ्या जाळीत त्या कोरता येत नाहीत. बिंदूंमधले अंतर कमी करता येते, पण अख्खा सडा तेवढा दाट करणे परवडणारे नाही. म्हणून शिल्पे मी गोडोच्या डेकलने, म्हणजे वरून चिकटवलेल्या चित्राने बसवली. लांबून ती उत्तम दिसतात. जवळ गेल्यावर कळते की स्प्रेने पसरवलेली माती त्या रेषांत शिरत नाही, कारण डेकलच्या खाचा उंचीच्या शर्यतीत उतरतच नाहीत. प्रत्यक्ष सड्यावर माती आधी त्या खाचांतच भरते आणि पावसाळ्यात तिच्यातून गवत उगवून हत्तीची किंवा माशाची आकृती हिरव्या रेघेने उठून दिसते. ती हिरवी रेघ सध्या मी प्रत्येक शिल्पासाठी वेगळे डेकल करून हाताने काढते आहे. अकरा झाली आहेत, सात उरली आहेत.